एक इंच म्हणजे सहा फूट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांसाठी प्लॅस्टिकचे छोटे सैनिक जमवून ते रंगवण्याच्या छंदाची ओळख मागील अंकात या सदरातून करून दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख आधुनिक सैनिकांकडे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सैन्यांकडे आहे. सारखेच प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : विक्रेत्यांच्या याद्यांत १/७२, १/७६, १/३५, २८ मिलिमीटर असे निरनिराळे आकडे दिसतात. आधुनिक सैनिकांचा खेळ सुरू करायचा झाल्यास यांपैकी कोणते प्रमाण घ्यावे? (ठाणे)

उत्तर : घरातली जागा आणि खर्च यांचा विचार केला, तर १/७२ घ्यावे. सहा फुटांचे ७२ इंच होतात. म्हणून या प्रमाणात एक इंच म्हणजे प्रत्यक्षातले सहा फूट. हे प्रमाण विमानांच्या प्रतिकृतींमुळे रूढ झाले आणि सैनिक, रणगाडे, घरे यांनी ते पुढे उचलले. पाच फूट नऊ इंच उंचीचा जवान यात सुमारे २४ मिलिमीटर भरतो. १/७६ हे प्रमाण ब्रिटनमधील खेळण्यातल्या रेल्वेच्या आकाराशी जुळणारे. एअरफिक्स कंपनीने १९५९ पासून जे मऊ प्लॅस्टिकचे छोटे सैनिक बाजारात आणले, ते याच मापाचे होते. दोन्हींतला फरक माणसाच्या उंचीत जेमतेम मिलिमीटरभर असल्यामुळे वेगवेगळ्या तुकड्यांत ते खपून जातात, पण एकाच तुकडीत शेजारी शेजारी उभे केले की डोळ्यांना खुपतात.

२८ मिलिमीटरचे सैनिक रंगवायला सोपे असतात, कारण त्यांचे डोके आणि हात मुद्दाम थोडे मोठे घडवलेले असतात. परंतु आधुनिक काळातील सैनिक या मापात कडक प्लॅस्टिकमध्ये कमी आणि धातूत किंवा रेझिनमध्ये अधिक मिळतात, आणि ते महाग पडतात. १/३५ चा सैनिक पाच सेंटीमीटरचा होतो. तो कपाटात मांडण्यासाठी उत्तम, पण खेळासाठी अवजड. सात मीटर लांबीचा रणगाडा १/७२ मध्ये दहा सेंटीमीटरच्या आत बसतो, तर १/३५ मध्ये तो वीस सेंटीमीटर जागा अडवतो. असे चार रणगाडे उतरवले की जेवणाच्या टेबलावर पायदळाला जागा उरत नाही.

मात्र प्रमाणाच्याही आधी ठरवायची गोष्ट वेगळी आहे : कोणते युद्ध आणि कोणते वर्ष. आधुनिक सैनिकांच्या बाबतीत वर्ष निश्चित केल्याखेरीज एकही संच विकत घेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. ते का, हे पुढील उत्तरांतून ओघाने येईलच.

प्रश्न : मी रंगवलेल्या सैनिकांचा रंग काही दिवसांतच सोलून निघतो. रायफली तर हात लागताच उघड्या पडतात. रंग चांगल्या प्रतीचा आहे. मग चूक कुठे होते? (कोल्हापूर)

उत्तर : आपल्या रंगात दोष नसावा. १/७२ चे बहुतेक सैनिक पॉलिथिलीनसारख्या मऊ प्लॅस्टिकचे असतात आणि त्या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मेणचट असल्यामुळे रंग त्यात मुरत नाही, नुसता पापुद्रा होऊन वर बसतो. त्यातच रायफल वाकली की प्लॅस्टिक वाकते, रंगाला मात्र वाकता येत नाही, आणि तो तडकतो. म्हणून रंग सर्वांत आधी रायफलीच्या नळीवरून आणि घोट्यांपासून सुटतो.

प्रथम आपल्या हातातले प्लॅस्टिक कोणते, हे ओळखावे. सैनिक ज्या चौकटीला जोडलेले असतात, तिचा छोटा तुकडा कापून साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडावा. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर येते. पॉलिस्टायरीन आणि पीव्हीसी तळाशी जातात. बुडालेल्या तुकड्यांपैकी जो वाकवताच कट्कन तुटतो तो पॉलिस्टायरीनचा. पॉलिस्टायरीनवर रंग चांगला बसतो आणि मॉडेलचे पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेल जोडण्याचा गोंद, लावल्यास ते प्लॅस्टिक थोडे विरघळून दोन भाग एकजीव होतात. मऊ प्लॅस्टिकवर मात्र हे सिमेंट काहीच काम करत नाही.

मऊ सैनिकांना चौकटीवर असतानाच कोमट पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण घालून, दातांच्या जुन्या ब्रशाने सर्व बाजूंनी घासावे. साच्यातून सहज सुटावेत म्हणून वापरलेला तेलकट थर त्यांच्यावर राहिलेला असतो आणि तो गेल्याशिवाय पुढचे सगळे कष्ट वाया जातात. ते रात्रभर वाळू द्यावेत. साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची जी रेघ पायाच्या बाजूने वर शिरस्त्राणापर्यंत गेलेली दिसते, ती नव्या, धारदार पात्याने कापून काढावी. येथे कानस किंवा पॉलिश पेपर वापरू नये. मऊ प्लॅस्टिकला त्याने बारीक धागे सुटतात आणि रंगवल्यावर ते अधिकच उठून दिसतात. वाकलेली रायफल कढत पाण्यात बुडवून चिमट्याने सरळ करावी आणि तशीच धरून लगेच गार पाण्यात घालावी.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. पांढऱ्या फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून तो दुधाइतका पातळ करावा आणि मऊ ब्रशाने त्याचा एक थर संपूर्ण सैनिकावर, पायाखालच्या पट्टीसह, द्यावा. खाचांत साचलेला थेंब ब्रशाच्या टोकाने टिपून घ्यावा, नाहीतर चेहऱ्याचे बारकावे बुजतात. वाळताना हा थर आक्रसतो आणि पायात घातलेल्या मोज्यासारखा सैनिकाला चहूबाजूंनी घट्ट बसतो; तो प्लॅस्टिकला चिकटल्यामुळे टिकत नाही, तर कुठेही तुटलेला नसल्यामुळे टिकतो. म्हणूनच अर्धवट थर देण्यात काही अर्थ नाही. मोटारीच्या बंपरांसाठी मिळणारा प्लॅस्टिकचा प्रायमरही या कामी चालतो, पण तो उघड्या जागेत, तोंडाला मास्क बांधून आणि आधी चौकटीच्या तुकड्यावर पारखून मगच वापरावा.

वरून नेहमी अॅक्रिलिक रंगच द्यावेत. वाळल्यावरही ते किंचित लवचिक राहतात. इनॅमल रंग मऊ प्लॅस्टिकवर ठिसूळ होऊन उडतात आणि पीव्हीसीच्या सैनिकांवर कधीकधी कायमचे चिकट राहतात. शेवटी वॉर्निश अवश्य द्यावे, कारण खालचा फेव्हिकॉल पाण्याने पुन्हा मऊ होऊ शकतो.

तुटलेला हात जोडण्याविषयीही आपण विचारले आहे. फेव्हिक्विकची पकड पॉलिथिलीनवर कच्ची असते. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून त्यात पातळ तारेचा तुकडा बसवावा आणि मग फेव्हिक्विकचा थेंब सोडावा. तेथे भार तार घेते, गोंद नव्हे.

प्रश्न : आधुनिक गणवेशावरची कॅमोफ्लाजची नक्षी एवढ्या लहान सैनिकावर काढायची कशी? आणि कोणत्या सैन्याला कोणती नक्षी द्यावी, हे ओळखायचे कसे? (पुणे)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण वर्षाचा आग्रह आम्ही धरतो तो याचसाठी. अमेरिकी भूदलाचेच उदाहरण घ्या. १९९१ च्या आखाती युद्धातला त्यांचा सैनिक सहा रंगांच्या वाळवंटी नक्षीत होता, ज्यात फिकट जमिनीवर काळे-पांढरे खडे विखुरल्यासारखे ठिपके असत. २००३ मध्ये इराकमध्ये शिरलेला सैनिक तीन रंगांच्या साध्या वाळवंटी गणवेशात होता, पण त्याच्या अंगावरचे संरक्षक जाकीट पुष्कळदा हिरव्या, जंगली नक्षीचेच असे. वाळूच्या रंगावर हे हिरवे जाकीट रंगवले की ते वर्ष पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. २००५ नंतर करड्या-हिरव्या चौकोनी ठिपक्यांची नक्षी आली आणि २०१० पासून अफगाणिस्तानात मल्टिकॅम नावाची नक्षी दिसू लागली. वीस वर्षांत एकाच सैन्याची चार रूपे झाली. जर्मनीच्या बाबतीत तर फरक आणखी ठळक आहे : १९८० च्या दशकातला पश्चिम जर्मन सैनिक साध्या ऑलिव्ह रंगाच्या कपड्यांत होता, आणि आज सर्वांना परिचित असलेली ठिपक्यांची फ्लेकटार्न नक्षी १९९० च्या सुमारास आली. आपल्या भूदलाचा नवा लढाऊ गणवेशही १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनाच्या संचलनात प्रथम लोकांसमोर आला. म्हणजे ती नक्षी १९९९ च्या कारगिलच्या सैनिकावर रंगवणे चुकीचे ठरेल.

म्हणून नवशिक्यांना आमचा सल्ला असा, की पहिली फौज १९८५ च्या आसपासच्या मध्य युरोपातील निवडावी. एका बाजूला ऑलिव्ह रंगातले पश्चिम जर्मन, दुसऱ्या बाजूला खाकी रंगातले सोव्हिएत. दोघांच्याही अंगावर नक्षी नाही. एस्की या इटालियन कंपनीने त्याच दशकात नाटो आणि वॉर्सा करारातील सैनिकांचे संच काढले होते, आणि पुढे इटालेरी या कंपनीने त्याच साच्यांतून ते पुन्हा बाजारात आणले. हात बसल्यावर नक्षीकडे वळावे.

आता नक्षी काढण्याविषयी. मूळ कापडावरची नक्षी मोजून लहान करण्याचा प्रयत्न करू नये. खऱ्या कापडावरचा दहा सेंटीमीटरचा पट्टा १/७२ मध्ये दीड मिलिमीटरही भरत नाही, आणि तसे पट्टे प्रामाणिकपणे काढत गेल्यास हातभर अंतरावरून सगळ्या रंगांचा मिळून एकच मळकट रंग दिसतो. ठिपके मोठे काढावेत आणि संख्येने कमी काढावेत. अमेरिकी जंगली नक्षीसाठी सर्व कपड्यांवर आधी मध्यम हिरवा रंग द्यावा. तो वाळला की प्रत्येक बाहीवर दोन आणि प्रत्येक पायावर दोन-तीन तपकिरी ठिगळे आडवी काढावीत. ती एकमेकांना टेकू देऊ नयेत. मग त्या ठिगळांच्या कडेला वाळूच्या रंगाचे छोटे तुकडे द्यावेत आणि शेवटी काळ्या रंगाच्या फांदीसारख्या दोन-चार रेघा ओढाव्यात. काळा रंग हात राखून वापरावा, कारण एक रेघ जास्त झाली तरी सगळा सैनिक काळवंडतो. फ्लेकटार्नसाठी हिरवट जमिनीवर गडद हिरवे, तांबूस आणि काळे ठिपके ब्रशाच्या टोकाने नुसते टेकवत जावे. तेथे रेघ कुठेच नको. करड्या चौकोनी नक्षीचा अमेरिकी गणवेश तर सर्वांत सोपा : दुरून तो प्रत्यक्षातही फिकट, एकरंगीच भासत असे, त्यामुळे करड्या-हिरव्या रंगावर थोडे फिकट ठिपके पुरतात.

सर्व रंग बाटलीतल्यापेक्षा थोडे फिके करून घ्यावेत. लहान वस्तूवर मूळ रंग नेहमी गडद दिसतो, आणि वरून कपड्यांच्या घड्यांसाठी पातळ तपकिरी रंगाचा वॉश सोडला की तो आणखी गडद होतो. नक्षी असलेल्या गणवेशावर हा वॉश सगळीकडे न फासता केवळ काखा, पट्ट्यांच्या कडा आणि गुडघ्यांमागच्या खाचा यांत सोडावा. पट्टे, पाऊच आणि बूट स्वच्छ, एकरंगी ठेवावेत; नक्षीच्या गर्दीत डोळ्यांना विसावा तेथेच मिळतो आणि सैनिकाचा घाट ओळखू येतो.

प्रश्न : भारतीय जवानांचे संच कुठेच मिळत नाहीत. १९७१ च्या युद्धातील मराठा जवानांची तुकडी उभी करायची इच्छा आहे. ते शक्य आहे का? (बेळगाव)

उत्तर : नक्कीच शक्य आहे, आणि आपण निवडलेला विषय आम्हाला मनापासून आवडला. आधुनिक भारतीय पायदळाचे १/७२ चे तयार संच सहसा मिळत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या सैन्यांच्या सैनिकांत बदल करून ते घडवावे लागतात. १९७१ चे वर्ष या दृष्टीने सोयीचे आहे, कारण गणवेश साधा ऑलिव्ह ग्रीन होता आणि आपल्या सैन्याची बरीच शस्त्रे ब्रिटिश धाटणीची होती : ७.६२ मिलिमीटरची एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल), ९ मिलिमीटरची स्टर्लिंग कार्बाइन आणि ब्रेनच्या घडणीची लाइट मशीनगन.

प्रसंग म्हणून टांगाइल घ्यावे, असे सुचवतो. ११ डिसेंबर १९७१ रोजी २ पॅरा बटालियन टांगाइलजवळ छत्र्यांनी उतरली आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवण्यासाठी तिने लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घेतला. ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ती तिच्यात गेली. जमालपूरची लढाई करून खाली सरकणाऱ्या १ मराठा लाइट इन्फन्ट्रीशी तिची गाठ याच भागात पडली. म्हणजे पुलाची एक बाजू छत्रीधारी तुकडीने धरलेली, दुसरीकडून माघार घेणारा शत्रू आणि त्याच्या पाठीवर मराठा पायदळ, अशी रचना टेबलावर मांडता येते. पूर्ण बटालियनच्या फंदात पडू नये. दहा-दहा जवानांचे तीन सेक्शन आणि त्यांचे छोटे मुख्यालय, अशी तीस-पस्तीस जणांची एक प्लॅटून पुरे.

छत्रीधारी जवानांसाठी दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश पॅराट्रूपर किंवा कमांडोंचे संच घ्यावेत. त्यांतले स्टेनगनवाले थोड्या फरकाने कार्बाइनवाले म्हणून चालतात, कारण दोन्हींत मॅगझिन डाव्या बाजूला आडवे असते. ब्रेनवालेही जवळपास तसेच चालतील, ७.६२ च्या आवृत्तीत मॅगझिन कमी वक्र असते, तेवढे पात्याने सरळ करून घ्यावे. अडचण रायफलवाल्यांची आहे. या संचांतल्या जवानांच्या हातातली ली-एन्फिल्ड रायफल आणि एसएलआर यांचा घाट अगदी वेगळा, आणि तो हातभर अंतरावरूनही कळतो. युद्धोत्तर ब्रिटिश पायदळाच्या ज्या संचात एसएलआर असेल, तो शोधून त्यातले जवान या कामी घ्यावेत, मग बाकी पट्ट्यांत थोडा फरक राहिला तरी चालेल.

शिरस्त्राणांवरची जाळी दाखवण्यासाठी नायलॉनच्या जुन्या, पातळ मोज्याचा तुकडा फेव्हिकॉलमध्ये भिजवून ताणून बसवावा आणि वाळल्यावर कड कापून टाकावी. बेरे टोपी किंवा पगडी घडवायची असेल, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एमसील उपयोगी पडते. त्याचे दोन भाग सारखे घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळावेत, ओल्या टूथपिकने बारीक पट्ट्या लाटाव्यात आणि त्या कपाळापासून मागे, एकीवर एक चढवत न्याव्यात. बेरेचा झोळ जवानाच्या उजव्या कानाकडे उतरतो आणि चिन्ह डाव्या डोळ्याच्या वर येते, हे विसरू नये. पॅराशूट रेजिमेंटची बेरे मरून रंगाची. हा सबंध टेबलावरचा सर्वांत ठसठशीत रंग असल्यामुळे तो अगदी शेवटी, स्वच्छ ब्रशाने द्यावा.

ऑलिव्ह ग्रीनसाठी परदेशी बाटलीची गरज नाही. १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनचे अॅक्रिलिक रंग आपल्याकडे कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. पिवळ्यात काळा थोडा थोडा मिसळत गेले की ऑलिव्ह होतो. त्यात किंचित पांढरा घालून तो फिका करावा. पुन्हा पुन्हा धुतलेल्या सुती कपड्यांचा विटका रंग दिसावा म्हणून काही जवानांसाठी याच मिश्रणात पिवळा अधिक घ्यावा. सगळे जवान एकाच छटेत रंगवले, तर तुकडी नुकतीच कोठारातून बाहेर पडल्यासारखी दिसते.

पाकिस्तानी बाजूसाठी एक सोपी युक्ती सांगतो. त्यांच्या पायदळाच्या हाती जी-३ रायफल होती आणि ती मूळची जर्मन. त्यामुळे मागच्या उत्तरातले १९८० च्या दशकातील पश्चिम जर्मन सैनिक, ज्यांच्या शिरस्त्राणाचा घाटही अमेरिकी पद्धतीचा आहे, ते खाकी रंगात रंगवले की काम भागते.

सैनिकाच्या पायाखालच्या बैठकीकडे दुर्लक्ष करू नये. डिसेंबरात बंगालमधले अमन भात कापून झालेले किंवा कापणीला आलेले असते. म्हणून हिरवेगार गवत न लावता ओलसर गडद माती आणि तिच्यावर सुतळीचे पिवळसर, ओळीने लावलेले बारीक तुकडे, म्हणजे भाताची कापलेली खुंटे, दाखवावीत. राजस्थानातील लोंगेवालाचे टेबल आणि टांगाइलचे टेबल यांतला फरक कळतो तो अशा जमिनीवरूनच.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्याच गावात आहे. त्या पिढीतले निवृत्त जवान आणि त्यांची कुटुंबे आसपास असतील. पट्टे कसे बांधत, डिसेंबरात जर्सी घालत की नाही, पाण्याची बाटली कोणत्या बाजूला असे, हे त्यांना आदराने विचारावे आणि ते सांगतील ते लिहून ठेवावे. हे काम रंगांच्या आधी करावे.

प्रश्न : नियमांनुसार आमच्या खेळात रायफलीचा पल्ला टेबलभर आहे. मग डावपेचांना वाव तो काय राहिला? (नागपूर)

उत्तर : नियम बरोबर आहे. सहा फूट बाय चार फुटांचे टेबल १/७२ च्या हिशेबाने सुमारे १३० मीटर लांब आणि ८८ मीटर रुंद होते, आणि रायफलीचा ३०० मीटरचा पल्ला त्याच हिशेबाने चार मीटरहून अधिक भरतो; तो टेबल ओलांडून खोलीच्या भिंतीपर्यंत जाईल. आधुनिक काळातल्या चकमकीत गोळी पोहोचते की नाही, हा प्रश्न क्वचितच उरतो. शत्रू दिसतो का आणि गोळीबाराखाली दबलेल्या माणसाला पुढे सरकता येते का, हे प्रश्न खरे. आपल्या टेबलावर आडोसा कमी असावा. टेबलाचा किमान तिसरा भाग घरे, बांध, झाडी, कुंपणे यांनी भरून पाहावा. मग एका सेक्शनने मशीनगनने शत्रूला दाबून धरायचे आणि दुसऱ्याने बांधाच्या आडून बगलेला जायचे, हा पायदळाचा मूळ डाव आपोआप उभा राहील. शक्य असेल तेथे दबलेल्या सैनिकांसाठी पालथे पडलेले सैनिक वेगळे रंगवून ठेवावेत. बहुतेक संचांत ते मिळतात आणि सुरुवातीला कोणालाच नको असतात.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा या छंदात रमला आहे. पण बातम्यांमध्ये रोज खरी युद्धे दिसत असताना त्यांचाच खेळ मांडणे योग्य आहे का, अशी शंका मनाला छळते. (नाशिक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि आधुनिक सैनिक हाताळणाऱ्या प्रत्येकाने ती मनात बाळगावी, असे आम्हाला वाटते. रोमन सैनिकाचा कुणी नातलग आज हयात नाही. टांगाइल, कारगिल किंवा १९८२ चे फॉकलंडचे युद्ध लढलेली माणसे मात्र आहेत, आणि न परतलेल्यांची घरेही आहेत. त्यामुळे आमचा एक नियम आहे : जे युद्ध अजून चालू आहे, ते टेबलावर मांडायचे नाही. युक्रेनमधील युद्धातल्या सैनिकांचे संच बाजारात आले आहेत. ते अभ्यासासाठी जरूर रंगवावेत, पण त्यांच्यावर फासे टाकू नयेत.

संपलेल्या युद्धांच्या बाबतीत मुलाला दोन अटी घालाव्यात. खेळण्याआधी त्या लढाईविषयी दोन्ही बाजूंचे वाचायचे, आणि आळीपाळीने दोन्ही बाजू खेळायच्या. पलीकडच्या फौजेचा सैनिकही तितक्याच काळजीने रंगवायचा. जो मुलगा शत्रूच्या बुटांची वादी रंगवण्यात संध्याकाळ घालवतो, त्याच्या मनात त्या माणसाविषयी तुच्छता सहजासहजी रुजत नाही, हा आमचा अनुभव आहे. आपल्या घरात किंवा शेजारी कुणी लष्करात असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या पलटणीचा प्रसंग मांडू नये.

वय तेरा आहे, तेव्हा धारदार पाते वापरताना मोठे माणूस शेजारी असावे, आणि स्प्रेचे कोणतेही काम बंद खोलीत करू देऊ नये.

प्रश्न : एअरब्रश आणि परदेशी ब्रश घ्यावेतच का? (सोलापूर)

उत्तर : सैनिकांसाठी एअरब्रश लागत नाही, तो रणगाड्यांना उपयोगी. टोक टिकवून धरणारा १ क्रमांकाचा एक चांगला गोल ब्रश बहुतेक सगळे काम करतो. अगदी बारीक ब्रशात रंग टोकाला पोहोचेपर्यंत वाळतो. रंग पाण्याने पातळ करून दोन थर द्यावेत, आणि ब्रश कधीही पाण्याच्या पेल्यात उभा ठेवू नये.

प्रश्न : वडिलांनी १९७०-८० च्या दशकांत परदेशातून आणलेले सैनिकांचे काही संच डब्यांसह आहेत. ते रंगवावेत की तसेच जपावेत? (दादर, मुंबई)

उत्तर : आधी एका सैनिकाची रायफल अगदी हळू वाकवून पाहावी. जुने मऊ प्लॅस्टिक कधीकधी इतके ठिसूळ होते, की बोटाच्या दाबाने चुरा होतो. तसे असेल, तर ते संच चौकटीवरच राहू द्यावेत आणि उन्हापासून दूर ठेवावेत. प्लॅस्टिक शाबूत असेल, तर त्याच साच्यातून तो संच पुन्हा निघाला आहे का, याचा शोध घ्यावा. एस्कीचे अनेक संच इटालेरीच्या नावाने परत आल्यामुळे त्यांत दुर्मीळ असतो तो डबा, आतले सैनिक नव्हेत. अशा वेळी डबा जपावा आणि सैनिक खुशाल रंगवावेत. नवे संच बाहेरून मागवण्यापूर्वी मात्र हिशेब करावा : खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि छोट्या प्रतिकृतीही खेळण्यांच्याच वर्गात मोडतात. हाती असलेल्या सैनिकांचे मोल त्यामुळे वाढले आहे.

प्रश्न : पावसाळ्यात वॉर्निश दिल्यावर सैनिकांवर पांढरट साय धरली. आता काय करावे, आणि कोकणच्या दमट हवेत ते ठेवावेत कसे? (रत्नागिरी)

उत्तर : दमट हवेत मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला की हवेतला ओलावा थरात अडकून तो पांढरा पडतो. कोरड्या दिवशी त्यावर ब्रशाने चकचकीत वॉर्निशचा पातळ थर द्यावा. बहुतेक वेळा सायीखालचे रंग पुन्हा दिसू लागतात. त्यानंतर मॅट थर ब्रशानेच द्यावा. जून ते सप्टेंबर स्प्रे बाजूला ठेवलेला बरा.

ठेवणीसाठी झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. सैनिकांच्या पायाखाली वजनासाठी लोखंडी वॉशर लावले असतील, तर ते खालच्या बाजूनेही रंगवून घ्यावेत, अन्यथा एकाच पावसाळ्यात गंज कडेने वर चढतो आणि बैठकीवरच्या मातीत उतरतो. पीव्हीसीचे मऊ सैनिक पॉलिस्टायरीनच्या रणगाड्यांना चिकटून ठेवू नयेत. पीव्हीसी मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू पाझरते आणि जेथे स्पर्श झाला तेथे रणगाड्याचे प्लॅस्टिक विरघळून खड्डा पडतो. मध्ये साधा कागद घातला तरी तो कालांतराने तेलकट होतो, म्हणून दोन्हींचे डबेच वेगळे करावेत.